मत्स्यपेटीची मर्यादा : मासे किती असावेत?

नव्या दुकानाचा मुहूर्त असो, नव्या घराची वास्तुशांती असो किंवा वाढदिवस असो, काचेची मत्स्यपेटी भेट म्हणून येणे आता नवलाचे राहिलेले नाही. भेट देणारा अनेकदा आकडाही सांगून जातो : नऊ गोल्डफिश, आठ सोनेरी आणि एक काळा. चिनी फेंगशुईतून आपल्या पेठांमध्ये रुजलेला हा आकडा बरकतीचा मानला जातो. त्याच्या जोडीला आणखी एक समज असतो. पेटीतील मासा मेला, तर घरावर किंवा धंद्यावर येणारे संकट त्याने स्वतःवर घेतले असे म्हणायचे, आणि त्याच दिवशी दुसरा मासा आणून नऊ पूर्ण करायचे.

हे दोन समज एकत्र आले की पेटीत किती मासे सुखाने राहू शकतील हा प्रश्नच कुणी विचारत नाही. आकडा शुभाशुभाने ठरतो आणि मृत्यूचे कारण शोधले जात नाही, कारण मृत्यूसुद्धा लाभाच्या बाजूला लिहिला जातो. व्यवहारात असा जमा-खर्च कोणताही व्यापारी मान्य करणार नाही. जैन कुटुंबाला तर तो मुळीच मान्य होऊ नये. प्रत्येक जीव आपापल्या कर्माचे फळ भोगतो, एकाचे कर्म दुसऱ्याच्या खाती वर्ग होत नाही, हा आपल्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. मग घराचे संकट माशाच्या नावे कसे पडेल? मासा मेला त्याचे कारण बहुतेक वेळा त्याच पेटीच्या पाण्यात असते, आणि सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे त्या पाण्याला पेलवणार नाहीत इतके मासे.

पाच अतिचारांच्या प्रकाशात

जीवविचारात मासा हा जलचर पंचेंद्रिय तिर्यंच आहे. शोभेच्या वस्तूंच्या यादीत त्याला बसवता येत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गाडीला जुंपलेला बैल आणि गोठ्यातील गाय डोळ्यांसमोर ठेवून आपण ते ऐकत आलो. मत्स्यपेटीला ते लावून पाहिले, तर पाचही तिथे सापडतात.

बंध म्हणजे ती काचच. ज्या घरांना हा पहिला शब्दच पुरेसा वाटतो, ती घरे पेटी ठेवत नाहीत, आणि त्यांचे उत्तर सर्वांत सरळ आहे. छेद म्हणजे अवयवाला इजा. बाजारात अंगात सुईने रंग टोचलेले किंवा अंगावर नक्षी डागलेले मासे विकायला येतात. ते घेणे म्हणजे त्या छेदाला गिऱ्हाईक पुरवणे होय. अन्नपाननिरोध घडतो तो कुटुंब यात्रेला निघून जाते तेव्हा. वध तर अंती होतोच. परंतु या सर्वांत न कळत घडणारा आणि रोज घडणारा अतिचार म्हणजे अतिभारारोपण. बैलावर किती पोती लादली हे डोळ्यांना दिसते. पेटीतील भार दिसत नाही, कारण तो पाण्यावर लादलेला असतो आणि मासे तो श्वासागणिक भोगत असतात. म्हणून तो मोजावा लागतो.

पाणी खरोखर किती?

हिशेब पाण्यापासून सुरू करावा. घरोघरी सर्वांत अधिक आढळणारी पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. तिचे घनफळ दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५६ लिटर. दुकानदार हाच आकडा सांगतो. पण पेटी काठोकाठ भरत नाहीत. वर दोन इंच मोकळे ठेवले की सुमारे ४७ लिटर उरतात. तळाची वाळू, दगड, फिल्टर आणि शोभेच्या वस्तू आणखी चार-पाच लिटरची जागा घेतात. हाती राहते ते सुमारे ४२ लिटर पाणी. गोदामाचे क्षेत्रफळ भिंतींसकट धरून माल भरता येत नाही, तसेच हे आहे.

काचेच्या गोल बरणीची गोष्ट याहून वाईट. तिच्यात जेमतेम चार-पाच लिटर पाणी मावते. शिवाय ती गळ्यापर्यंत भरली की हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग अगदी लहान होतो. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः याच पृष्ठभागातून. म्हणून गोल बरणी कोणत्याही माशाचे घर होऊ शकत नाही. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, एवढ्यावरच त्याला पेल्याएवढ्या काचेत विकतात. तो तिथे तग धरतो, पण तग धरणे म्हणजे सुखाने राहणे नव्हे.

दोन प्रचलित नियम

माशांची संख्या ठरवण्यासाठी छांदिष्टांमध्ये दोन ढोबळ नियम रूढ आहेत. पहिला पाण्याच्या मापावर चालतो : एका अमेरिकन गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्याला, एक इंच लांबीचा मासा. लांबी मोजताना शेपटीचा पिसारा धरत नाहीत. या नियमाने ४२ लिटर पाण्यात एकूण ११ इंच मासे बसतात. दुसरा नियम पृष्ठभागावर चालतो : उष्ण प्रदेशातील लहान माशांसाठी दर इंचाला १२ चौरस इंच पृष्ठभाग, आणि गोल्डफिशसारख्या अधिक प्राणवायू लागणाऱ्या माशांसाठी दर इंचाला ३० चौरस इंच. दोन फूट बाय एक फूट पेटीचा पृष्ठभाग २८८ चौरस इंच. म्हणजे लहान मासे २४ इंच, गोल्डफिश साडेनऊ इंच.

लहान माशांसाठी एकाच पेटीची दोन उत्तरे आली, ११ आणि २४. अशा वेळी लहान आकडा धरावा. तोही पुरा वापरू नये. माल तारण ठेवून कॅश क्रेडिट घेणाऱ्या व्यापाऱ्याला ड्रॉइंग पॉवर ठाऊक असते : मालाची किंमत कितीही असो, बँक त्यातून मार्जिन वजा करते आणि उरलेल्यावरच रक्कम उचलू देते. किंमत पडली, माल अडकला, तर ते मार्जिन उपयोगी पडते. पेटीलाही किमान चौथा हिस्सा मार्जिन ठेवावे. ११ इंचांतून चौथा हिस्सा गेला की सुमारे आठ इंच उरतात. सव्वा इंचाचे गप्पी माशांचे नर सहा. दोन फुटी पेटीची प्रामाणिक सुरुवात एवढीच.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीचे घनफळ सुमारे १९१ लिटर. वरची मोकळी जागा आणि वाळू वजा करता सुमारे १४५ लिटर पाणी राहते. पहिल्या नियमाने ३८ इंच, दुसऱ्याने ५४ इंच. लहान आकडा ३८, मार्जिन वजा जाता सुमारे २८. यात दोन इंची झेब्रा मासे आठ आणि गप्पींचे नर दहा सुखाने राहू शकतात. पेटीची प्रत्येक बाजू दीडपट केली की पाणी तिपटीहून अधिक होते, हे येथे लक्षात येईल. म्हणून जागा आणि टेबलाची ताकद असेल, तर मासे वाढवण्याऐवजी पेटी मोठी घेणे श्रेयस्कर. मात्र एवढ्या पाण्याचे वजनच १४५ किलो होते. काच, वाळू आणि दगड वेगळे. ते शोकेसच्या फळीवर पेलणार नाही.

आता त्या शुभ नऊ गोल्डफिशचा हिशेब करू. फुगीर जातीचा गोल्डफिश पूर्ण वाढला की साधारण सहा इंचांपर्यंत जातो. साधा, लांबट गोल्डफिश त्याहून मोठा होतो. नऊ मासे म्हणजे ५४ इंच. दर इंचाला ३० चौरस इंच धरले, तर १,६२० चौरस इंच, म्हणजे सव्वाअकरा चौरस फूट पृष्ठभाग हवा. दोन फुटी पेटीत तो दोन चौरस फूट असतो. साडेपाच पटींहून अधिक भार, तोही मार्जिन न ठेवता. अशा पेटीत मासे मरत राहिले, तर त्यासाठी घरावरच्या संकटाचा शोध घेण्याची गरज नाही. तीन फुटी पेटीतसुद्धा फुगीर जातीचे दोनच गोल्डफिश ठेवावेत.

इंच सारखे, भार वेगळा

इंचांचे नियम सोपे आहेत, म्हणूनच ते काही ठिकाणी फसवतात. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा कागदावर सारखेच. पण लांबी दहापट झाली की रुंदी आणि उंचीही दहापट होते, आणि वजन सुमारे हजारपट. म्हणजे दहा इंची एक मासा एक इंची दहा माशांच्या सुमारे शंभरपट वजनाचा असतो. त्याचे खाणे, श्वास आणि मल त्या मानाने अधिक. इंचांचा नियम दोन-अडीच इंचांपर्यंतच्या सडपातळ माशांनाच लावावा.

याहून मोठी चूक खरेदीच्या दिवशी होते. दुकानातील मासा पिल्लू असतो. काच साफ ठेवतो म्हणून दिला जाणारा सकर मासा दोन इंचांचा असतो; पूर्ण वाढीला तो एक-दीड फुटाचा होतो. ऑस्कर सुमारे एक फुटाचा होतो. शार्क या नावाने विकला जाणारा चंदेरी मासा पंगासियस जातीचा असतो आणि मोकळ्या पाण्यात तो एक मीटरहून लांब वाढतो. मासा पेटीच्या मापाने वाढतो, हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य आहे. अरुंद, दूषित पाण्यात वाढ खुंटते हे खरे; पण ती खुंटणे हे आजाराचे लक्षण आहे. संख्या नेहमी पूर्ण वाढीच्या लांबीवर ठरवावी.

काही माशांच्या बाबतीत एकाच्या जागी वीस होतात. गप्पी आणि मॉली अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्ले देतात. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस किंवा त्याहून अधिक पिल्ले देते, आणि एकदा नराचा संग झाला की त्यानंतर कित्येक महिने नराशिवायही देत राहते. म्हणजे पेटीत एक मादी आणणे हा चक्रवाढ व्याजाचा करार आहे, फरक इतकाच की वाढणारे मुद्दल जिवांचे असते. जागा नसेल, तर पिल्ले मोठ्या माशांच्या तोंडी जातात किंवा गुदमरतात. म्हणून या जातींचे फक्त नर ठेवावेत. गप्पींचे नर रंगीत शेपटीवरून सहज ओळखू येतात. याउलट झेब्रा, टेट्रा यांसारखे मासे थव्याने राहणारे. त्यांना सहापेक्षा कमी संख्येत ठेवले तर ते भेदरलेले राहतात. ज्या पेटीत सहा मावत नाहीत, त्या पेटीत ती जात नको.

पाण्यातला न दिसणारा भार

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि मल कुजूनही अमोनियाच होतो. तो माशांना विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वसलेले सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साचत गेले तर तेही बाधते. माशांची संख्या किती असावी, याचे खरे उत्तर या जिवाणूंची ताकद आणि आपण बदलतो ते पाणी या दोन गोष्टींवर आहे.

ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मुहूर्ताच्या दिवशीच पेटी भरून त्याच सायंकाळी मासे सोडणे म्हणजे त्यांना अमोनियात सोडणे होय. नव्या पेटीतील पहिले मासे ‘टिकत नाहीत’ त्याचे कारण हेच. त्याऐवजी फिल्टर चालू ठेवून, मासे न सोडता, रोज चिमूटभर खाद्य टाकत पाणी मुरू द्यावे. ओळखीच्या घरातील निरोगी, जुन्या पेटीचा वापरलेला स्पंज मिळाला तर वसाहत लवकर जमते. त्यानंतरही मासे दोन-दोन करून, आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने सोडावेत.

फिल्टर नळाखाली खळखळून धुण्याची सवयही मोडायला हवी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ती सारी वसाहत मारून टाकते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज हलकेच पिळावा. पाणी गाळून जिवाणी पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची आपल्या घरांची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यामागची भावना वेगळी सांगावी लागणार नाही. काढलेले पाणी झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट हे खतच असते.

वहीतले आकडे

संख्या योग्य आहे की नाही, हे शेवटी पाणीच सांगते. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचे संच मत्स्यपेटीच्या दुकानांतून मिळतात. बसलेल्या पेटीत पहिले दोन आकडे शून्य असले पाहिजेत. शून्य नसतील, तर नवा मासा आणायचा नाही. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत, शक्य तर २० च्या आसपास असावे.

नायट्रेटचे गणित व्यापाऱ्याला सोपे आहे. समजा, आठवड्यात नायट्रेट १० ने वाढते आणि दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलले जाते. सुरुवातीला बदलल्या पाण्याबरोबर थोडेच बाहेर जाते, म्हणून शिल्लक वाढत राहते. वाढता वाढता ती ४० पाशी स्थिर होते. कारण ४० चा चौथा हिस्सा १०, म्हणजे जितके आले तितके गेले. मासे दुप्पट केले आणि आठवड्याची वाढ २० झाली, तर शिल्लक ८० वर जाऊन थांबेल. मर्यादा ४० ची असेल आणि दर आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलणे घराला झेपत असेल, तर आठवड्याची वाढ १० च्या वर जाता कामा नये. गेली, तर मासे अधिक आहेत, किंवा खाद्य अधिक पडते आहे. बोअरवेलच्या पाण्यात काही वेळा मुळातच नायट्रेट असते. म्हणून ते पाणी आधी एकदा तपासून घ्यावे.

एक लहान वही पेटीशेजारी असावी : तारीख, पाण्याचे तापमान, तीन आकडे, किती पाणी बदलले, आणि एखादा मासा दगावला तर त्याची नोंद. घरातील मुले ही वही उत्साहाने ठेवतात. चार महिन्यांच्या नोंदी पाहिल्या की पेटी किती भार पेलते हे कुणाला विचारावे लागत नाही.

वाईट दिवसाचा हिशेब

वरील सारे आकडे वीज असताना, पंप चालू असताना आणि घरात माणसे असताना खरे ठरतात. बँक कर्जाची मर्यादा दिवाळीच्या विक्रीवर ठरवत नाही, मंदीचे महिनेही पाहते. पेटीची मर्यादाही तिच्या सर्वांत वाईट दिवसावर ठरवली पाहिजे.

आपल्याकडे असे दिवस तीन. पहिला मे महिन्याचा. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसातवर येतो आणि ३५ अंशांना सातच्या घरात. त्याच वेळी उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. नागपूर, जालना किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतील पाणी किती तापते, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. दुसरा दिवस वीज जाण्याचा. पंप थांबला की पृष्ठभागाची हालचाल थांबते, आणि काही तासांनी फिल्टरमधील जिवाणूही प्राणवायूअभावी मरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असणे म्हणूनच आवश्यक आहे. तिसरा दिवस कुटुंब बाहेरगावी असण्याचा. सम्मेदशिखरजी किंवा पालिताण्याची यात्रा, लग्नसराई, पर्युषणातील गावाकडचा मुक्काम अशा दिवसांत पेटी शेजाऱ्यांच्या किंवा कामवाल्या ताईंच्या हाती असते, आणि दयेपोटी मूठभर खाद्य टाकले जाते. मोठ्या माशांना चार-पाच दिवस खाद्य नसले तर सहसा बाधत नाही, पण कुजलेले खाद्य एका रात्रीत पेटी संपवू शकते. खाद्याच्या रोजच्या पुड्या आधीच बांधून ठेवाव्यात, म्हणजे उपासही घडत नाही आणि अतिरेकही.

पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडून हवा घेताना दिसले, तर तो खेळ समजू नये. रात्रभर मासे आणि वनस्पती दोघेही प्राणवायू वापरतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो. ज्या पेटीत हे रोज दिसते, तिची मर्यादा ओलांडली गेली आहे.

खाद्याचा प्रश्न

संख्येइतकाच एक प्रश्न जैन घराने खरेदीपूर्वी स्वतःला विचारायला हवा. बाजारातील बहुतेक दाणेदार खाद्यात माशांची भुकटी असते. काही मासे तर जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्यांवर पोसले जातात. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न यांसारखे शिकारी मासे घरात आणणे म्हणजे दररोजच्या त्रसहिंसेला घरात जागा देणे आहे. ते कितीही भाग्याचे मानले जात असोत. गप्पी आणि मॉली शेवाळ आणि वनस्पतीही खातात. उकडून सोललेला वाटाणा किंवा पालक त्यांना चालतो. परंतु केवळ त्यावर त्यांचे पूर्ण पोषण होईल असे मानू नये. पाकिटावरील घटक वाचून, काय वापरणार हे घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून आधी ठरवावे. ज्या घराला यातील काहीच पटत नाही, त्या घरासाठी माशांची योग्य संख्या शून्य आहे. माशाला उपाशी ठेवून आपला नियम पाळणे हा मार्ग मात्र नव्हे. तो पाचव्या अतिचाराकडे जातो.

मासे जास्त झाले असतील तर

पेटी आधीच भरलेली असेल, तर पहिल्याच दिवशी नवी खरेदी थांबवावी. पाणी अधिक वेळा बदलावे, पण एका वेळी निम्म्याहून अधिक नको; नव्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकलेले असावे. मोठी पेटी शक्य असेल तर घ्यावी. जागा आणि जाण असलेल्या घरी काही मासे द्यावेत, किंवा परत घेणाऱ्या दुकानाकडे सोपवावेत. ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का?’ हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारलेला बरा.

मासे नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडणे ही मात्र जीवदया नव्हे, मनात भाव कितीही शुद्ध असो. पेटीत वाढलेला मासा बाहेर बहुधा जगत नाही. जगला, तर तिथल्या मूळ जिवांवर संकट होतो. पेट्यांमधून बाहेर पडलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज गंगेसह भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे आणि स्थानिक माशांना व मच्छीमारांच्या जाळ्यांना उपद्रव करतो. एका माशाला दिलेले अभय अशा वेळी हजारो जिवांच्या मुळावर येते.

आपल्या समाजाला पांजरापोळ चालवण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तिथले विश्वस्त जाणतात की चारा, पाणी, जागा आणि माणसे यांच्या पलीकडे जनावरे घेतली, तर दयेनेच हाल होतात. म्हणून ते आधी सोय पाहतात आणि मग संख्या. परिग्रहपरिमाणव्रताची रीतही तीच : मर्यादा आधी बांधायची, वस्तू समोर आल्यावर नव्हे. दुकानातील उजळलेल्या काचेपुढे उभे राहून कुणालाही मर्यादा ठरवता येत नाही. घरी बसून पेटीचे माप घ्यावे, पाणी मोजावे, माशांची पूर्ण वाढ विचारून घ्यावी, मार्जिन वजा करावे, मे महिना आणि यात्रेचे दिवस आठवावेत, आणि जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. तो सहा असेल तर सहा, शून्य असेल तर शून्य. तेवढेच मासे आणायला मग दुकानात जावे, आणि कुणी नऊ सांगितले तर ते पान दाखवावे.